पोटरीतली गुठळी तेलाने विरघळत नाही आणि ती गोळी मनाने बंद करायची नसते

'नसांमधले सर्व ब्लॉकेज घरच्या घरी उघडा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. वर कुठल्यातरी वैद्यांचं नाव असतं आणि ते दर वेळी बदलतं. दावे मात्र तेच. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचा व्हिनेगर आणि मध यांचा काढा घेतला की हृदयापासून पायापर्यंतच्या सगळ्या नसा मोकळ्या होतात. पायात रक्ताची गाठ असेल तर कोमट तेलाने जोरात चोळा, विरघळून जाते. रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदीर मारायचं विष, ती ताबडतोब बंद करा. झोपताना ग्लासभर पाणी प्या, अटॅक येत नाही. कोविडची लस घेतलेल्या प्रत्येकाच्या रक्तात गाठी आहेत. आणि लकवा आला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस जागेवर उठतो.

असे मेसेज मी आजवर न वाचता पुढे सरकवायचो. हा मात्र माझ्या मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर आला. तिच्या पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पोटरी सुजली आणि डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, खोल शिरेत गुठळी दिसली. आधी पोटात टोचायची इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायची ॲसिट्रोमची गोळी असे उपचार सुरू झाले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या, तपासणीला ती माझ्याकडेच येते. ती आली नाही म्हणून फोन केला तर म्हणाली, "उंदराची गोळी हाय म्हणं ती, मी बंद केले बघ. शेजारची ताई रोज तेल लावून चोळायली, लई बरं वाटायलंय." मेसेजातले सगळ्यात घातक दोन सल्ले तिने एकाच वेळी अमलात आणले होते. राग तिच्यावर नाही. तिला कुणीतरी काळजीपोटीच पाठवलं होतं. पण या दोन सल्ल्यांनी माणूस मरू शकतो, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच लिहितो.

चोळण्यापासून सुरुवात करू. पोटरीच्या आत, स्नायूंच्या मधोमध ज्या शिरा जातात त्या पायातलं रक्त वर हृदयाकडे नेतात. पाय बरेच दिवस हलला नाही, शिरेला मार बसला किंवा रक्ताचा गोठण्याकडचा कल वाढला, की तिथे गुठळी धरते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर अधिकच. ताजी गुठळी मऊ असते. तिचं एक टोक शिरेच्या भिंतीला धरलेलं असतं आणि बाकीचा भाग रक्ताच्या प्रवाहात लोंबत असतो. त्यावर अंगठ्याने दाब देऊन खालून वर चोळलं तर तुकडा सुटू शकतो. सुटलेल्या तुकड्याला पुढे मोकळा रस्ता असतो, कारण वर जाताना या शिरा रुंदच होत जातात. मांडी, पोट, हृदयाचा उजवा भाग आणि तिथून फुप्फुस. रक्तवाहिन्या पुन्हा अरुंद होतात त्या फुप्फुसातच, आणि तुकडा तिथेच अडकतो. मोठा असेल तर काही मिनिटांत सगळं संपतं.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. दिल्लीत 23 वर्षांच्या एका तरुणाचा बॅडमिंटन खेळताना घोटा दुखावला होता. प्लास्टर काढल्यावरही दुखत होतं, म्हणून त्याच्या आईने तेल लावून पाय चोळून दिला. गुठळी सुटून फुप्फुसात गेली आणि मुलगा गेला. एम्सच्या डॉक्टरांनी हे प्रकरण एका वैद्यकीय-कायदेविषयक नियतकालिकात छापलं आणि 2017 मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली. त्या आईने काय चुकीचं केलं? आपल्याकडची कुठलीही आई करेल तेच केलं. म्हणूनच हा सल्ला पसरवणाऱ्यांची मला चीड येते. तो आईच्या हातून मुलाला मारू शकतो.

"पण चोळल्यावर बरं वाटतं की." वाटत असेल. सुजेचं पाणी थोडं सरकतं, स्नायू सैल होतात, दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. गुठळीला त्याने काहीही होत नाही. तेल कातडीखाली जाऊन शिरेतलं गोठलेलं रक्त विरघळवत नाही, मग ते करडईचं असो, तिळाचं असो की शंभर औषधी घातलेलं.

सगळीच मालिश वाईट, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणारी माणसं आहेत. संध्याकाळी दोन्ही पाय जड होतात, घोटे भरून येतात, पोटरीवर निळ्या शिरा फुगतात. तो वेगळा आजार. रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी सूज उतरलेली असते. पण एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि ताठ लागली, दाबल्यावर दुखली, आणि हे एक-दोन दिवसांत झालं, तर त्या पायाला कुणी हात लावू नये. आधी डॉपलर.

यात बाळंतिणीचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. बाळंतपणानंतर गुठळी व्हायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या सहा आठवड्यांत. सिझेरियन झालं असेल तर आणखी. आपल्याकडे नेमका तोच सव्वा महिना बाळंतीण खाटेवर असते, खाली शेगडी, बाहेर जायचं नाही, आणि मालिशवाली बाई रोज येऊन पाय रगडून जाते. मालिश करू नका म्हटलं तर घरातली मोठी माणसं ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. निदान एवढं करा: हात लावण्याआधी रोज दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एक मोठी दिसली तर मालिशवालीला परत पाठवा आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्या. आणि टाके दुखत असले तरी तिला घरातल्या घरात चालू द्या.

आता उंदराची गोळी. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी मान्य करतो. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं आणि त्यावर पुढे काम होऊन वॉरफरीन तयार झालं. ॲसिट्रोम त्याच जातीचं औषध. 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, हे खरं. 1954 मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर देण्यात आलं, हेही खरं. ही पुढची अर्धी गोष्ट मेसेजात नसते. उंदीर बेहिशेबी खातो आणि त्याचं रक्त कुणी तपासत नाही. माणसाला मोजून देतात, आयएनआर बहुतेकांत 2 ते 3 च्या मध्ये ठेवतात, आणि जास्त झालं तर व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतं. आयएनआर कशासाठी करतात असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: मात्रा विषाकडे झुकू नये म्हणूनच तर ही तपासणी.

आणि गोळी बंद केली तर काय होतं? याचं उत्तर 1960 मध्येच मिळालेलं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हेपारिनचं इंजेक्शन आणि निकुमॅलोनची गोळी दिली, दुसऱ्याला दिलं नाही. औषध न मिळालेल्या 19 जणांपैकी 5 जण गुठळीने मेले आणि आणखी 5 जणांच्या फुप्फुसात पुन्हा गुठळी गेली. औषध मिळालेल्या 16 जणांपैकी गुठळीने एकही मेला नाही. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आलेली आहे. आणि निकुमॅलोन म्हणजे कुठलं औषध? मावशीच्या डब्यातली ॲसिट्रोम, तेच. हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं. 35 माणसांची चाचणी लहान आहे, असं कुणी म्हणेल. लहानच आहे. पण तेव्हापासून अशा रुग्णाला औषधाविना ठेवून बघायला डॉक्टरांचं मन धजावत नाही.

एक गैरसमज मात्र डॉक्टरांच्या घाईमुळेही होतो. ही गोळी असलेली गुठळी विरघळवत नाही. ती गुठळीला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः सावकाश करतं, त्याला आठवडे-महिने लागतात. म्हणून उपचार निदान तीन महिने चालतो, काहींना जास्त. सूज उतरली म्हणजे गुठळी गेली, असं समजून लोक गोळी सोडतात. आता रिव्हरॉक्साबान, अपिक्साबान अशी नवी औषधं आहेत, त्यांना आयएनआर लागत नाही. पण त्यांचं काम गोळी चुकल्यावर लवकर उतरतं, म्हणजे ती मनाने बंद करणं आणखी धोक्याचं.

काढ्याबद्दल थोडक्यात. हृदयाच्या धमनीत चरबी आणि चुना साचून झालेला अडथळा, पायाच्या शिरेत गोठलेलं रक्त, फुगलेल्या निळ्या शिरा आणि मेंदूत अडकलेली गुठळी हे चार वेगवेगळे आजार आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचारही वेगळे. चौघांवर एकच काढा चालतो असं म्हणणाऱ्याला चारांपैकी एकही कळलेला नाही. विड्या ओढून ज्याच्या पायाच्या धमन्या आकसल्यात, चार पावलं चालल्यावर ज्याची पोटरी वळते, त्याला विडी सोडण्यावाचून गत नाही. शिवाय शिरांच्या आजारातले घट्ट मोजे त्याने डॉक्टरांना न विचारता घातले तर पायाचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होईल. लसणाने रक्तातल्या बिंबिकांवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सवर, थोडा परिणाम होतो, हे नाकारत नाही. भाजीत, चटणीत खा. पण ॲसिट्रोम चालू असताना वाटीवाटीने लसूण-आल्याचा काढा रिचवला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, शौच डांबरासारखं काळं होणं, अंगावर काळेनिळे डाग उठणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनाने आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन तर या गोळीसोबत नकोच. मेथी, पालक बंद करायची गरज नाही. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम रोज दोन वेळा, असं करू नका, एवढंच.

पाण्याचं ठीक आहे. आपल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होऊन रक्त दाट होतं, तेव्हा पाणी प्यायलाच हवं. त्याने अटॅक टळतो म्हणणं हा फेकूपणा. प्रवासाचंही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालाप्रमाणे सलग चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट माणसाला तो दुप्पट होऊनही थोडाच असतो. सोलापूर-पुणे जवळपास तेवढंच आहे. ज्यांना आधी गुठळी झालीय त्यांनी गाडीत अधूनमधून उठून चालावं, बसल्या जागी घोटे वरखाली करावेत.

लसीबद्दल: ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्या, लसीने अत्यंत क्वचित गुठळ्यांचा एक विशिष्ट आजार होऊ शकतो. कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात 2024 मध्ये हे मान्य केलं. पण तो लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हायचा. तेव्हाच्या लसीमुळे आज प्रत्येकाच्या रक्तात गाठी आहेत, हे धादांत खोटं.

राहिली सुई. बोटं टोचून दोन थेंब रक्त काढल्याने मेंदूत काहीही बदलत नाही, त्यात फक्त वेळ जातो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावं लागतं, कारण लकवा गुठळीने आला की रक्तस्रावाने हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरातल्या ॲस्पिरिनची गोळीही तोंडात कोंबू नका. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, की 108 लावा. पायाला गुठळी असलेल्या माणसाला अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा तो चक्कर येऊन पडला, तरी 108 च. लकव्याच्या रुग्णाला नेताना तो शेवटचा धड कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून घ्या. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात, आणि इंजेक्शन देता येईल की नाही हे त्या वेळेवरूनच ठरतं.