रेशमी कपड्यातली मेंढपाळीण

फ्रान्समधली जुनी मुद्राचित्रं (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतायत. डेरेदार झाड, ओढा, निवांत मेंढपाळ, आणि खाली मजकूर: यंत्रं येण्याआधी शेतकरी असा जगायचा, ना कर, ना चिंता, वर्षातला निम्मा काळ सणवार. पुरावा काय, तर 'चित्रं खोटं बोलत नाहीत'.

बोलतात की! त्यातलं अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बुशे याचं चित्र घ्या. तरुणी सोबत्याला द्राक्षं भरवतेय. 1747 सालचं हे दृश्य कुठल्या गावातलं नाही, नाटकातलं आहे. 1745 मध्ये पॅरिसच्या जत्रेत फावार या नाटककाराचं मूकनाट्य गाजलं होतं, त्यातला हा प्रवेश. म्हणून तर बाई मेंढ्या राखते म्हणायची, पण पायाला चिखल लागलेला नाही आणि अंगावर झुळझुळीत कपडे. बुशेवर मर्जी होती ती फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिची. त्याचे हे मेंढपाळ पुढे चिनी मातीच्या भांड्यांवरही चढले. सगळा दिवाणखान्याचा माल.

दुसरं चित्र चित्रकार क्लोद लोरँचं, 'गुराखी', 1636. झाडांमागचा तो उजेड तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या रेषांनी कसा पकडला असेल, देव जाणे. पण ते फ्रान्समध्ये काढलेलंच नाही. क्लोद तेव्हा रोममध्ये राहत होता.

'वाईट दिवस असते तर कुणीतरी काढलेच असते' असंही एकाने ऐकवलं. काढलेत ना. क्लोदच्याच लोरेन प्रांतातला चित्रकार जाक कालो याने 1633 मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांवर 18 चित्रांची मालिका छापली. एका चित्रात सैनिक शेतकऱ्याचं घर लुटतायत, आणि चुलाण्यावर एक माणूस उलटा टांगलाय. ते चित्र सुप्रभातच्या मेसेजला चालत नाही, एवढंच.

कर नव्हते? 'ताय' हा मुख्य कर शेतकऱ्याच्याच बोडक्यावर होता, उमराव बहुतेक ठिकाणी त्यातून सुटलेले. मिठावर वेगळा कर, शिवाय अठराव्या शतकात सरकारी रस्त्यांवर वेठबिगार. आणि चिंता म्हणाल तर 1709 चा हिवाळा बघा. पेरलेला गहू गोठून गेला, आणि थंडी, उपासमार, रोगराईत मिळून सुमारे 6 लाख माणसं जास्तीची मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

राहिले सणवार. ते होते, खरंय. पण त्या दिवशी मजुराला मजुरी मिळत नसे, आणि गाईची धार काढायला सणालाही उठावंच लागे.