पडद्यातला बोगदा: फोंड्याच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

स्क्रीन शेअर करताना सभेच्या विंडोत तीच स्क्रीन, तिच्यात पुन्हा तीच, असा जो बोगदा किंवा ‘अनंत आरसा’ दिसतो, त्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा सरळसरळ सॉफ्टवेअरचा दोष आहे आणि ‘पूर्ण स्क्रीन शेअर करू नका’ असं सांगून मी तो वापरणाऱ्याच्या गळ्यात मारतो, त्या असंख्य प्रतिमा काढता काढता शाळेचा लॅपटॉप तापतो, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत झूमच्या स्वतःच्या विंडो न दाखवण्याचं सेटिंग तपासूनही सभागृहाच्या पडद्यावर बोगदा दिसतच राहिला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांची किल्ली त्यातच आहे. तुमच्या सभेत जे दिसलं ते स्क्रीन शेअरिंगमुळे नव्हतंच, असं मला ठामपणे वाटतं. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता आणि आखातात व बोटीवर असलेल्या पालकांना सभागृह दिसावं म्हणून मागे स्टँडवर मोबाइल लावून तो वेगळ्या खात्याने सभेत घेतला होता, असं तुम्हीच लिहिलंय. बोगद्याच्या कडा तिरक्या होत्या आणि मधला भाग कधी पांढराफटक तर कधी काळवंडलेला दिसत होता, हेही.

त्या मांडणीत चित्र फिरून परत स्वतःतच येतं, तो फेरा असा पूर्ण होतो. लॅपटॉपवर स्पीकर व्ह्यू, म्हणजे जो बोलतो त्याचं चित्र मोठं. सभागृहात बोलणाऱ्याचा आवाज मोबाइलच्या माइकमधून जातो, म्हणून झूमच्या लेखी बोलणारा म्हणजे तो मोबाइल. लॅपटॉप मोबाइलचं चित्र मोठं करून प्रोजेक्टरला देतो, मोबाइल तोच पडदा टिपतो, आणि ते चित्र सर्व्हरवरून परत लॅपटॉपवर येतं. यात कुणी स्क्रीन शेअर केलेलीच नाही. फेऱ्याचा एक तुकडा प्रोजेक्टरच्या उजेडातून जातो, तिथे विंडो लपवण्याच्या सेटिंगचा हात पोचत नाही. ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ही निरुपयोगी, कारण लॅपटॉपच्या दृष्टीने मोबाइल हा सभेतला दुसराच कुणी आहे.

पुढच्या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बघा. एक-दोन सेकंदांत सगळा बोगदा काळा पडला, तर फेरा कॅमेऱ्यातून जातोय. काहीच फरक पडला नाही, तर तो संगणकाच्या आत आहे. खुणाही वेगळ्या असतात. संगणकाच्या आतल्या फेऱ्यात चौकटी काटकोनात राहतात आणि रंग-उजेड जवळपास तसाच राहतो. बिघडते ती अक्षरांची धार. कॅमेऱ्याच्या फेऱ्यात प्रत्येक वेळी कोन थोडा वाढतो आणि उजेड बदलतो. दर फेरीला ८० टक्के उजेड उरत असेल तर पाचव्या चौकटीत ३३ टक्केच उरतो. उलट दर फेरीला तो वाढत गेला तर मधोमध पांढरा डाग पडतो. त्यावर मोबाइलचं ऑटो एक्स्पोजर: दिवे मालवलेल्या सभागृहात ते उजेड वाढवतं, पडदा भगभगीत होतो, मग कमी करतं, पडदा काळवंडतो. तुम्हाला दिसलेली उघडझाप हीच असणार.

उपाय मांडणीत आहे. स्टँड बाजूला सरकवून मोबाइल व्यासपीठाकडे तिरका धरा. पडदा चित्रात येताच कामा नये. सभागृहाच्या रचनेमुळे ते जमत नसेल तर लॅपटॉपवर दुसऱ्या एखाद्या सदस्याची चौकट पिन करा, म्हणजे मोबाइलचं चित्र प्रोजेक्टरवर मोठं होणार नाही. पुढचे एक-दोन दिवे चालू ठेवले तर एक्स्पोजरची धरसोडही थांबते.

आता ‘दोष सॉफ्टवेअरचा’ हा आरोप. जिथे शक्य आहे तिथे कंपन्यांनी बंदोबस्त केलेला आहे. २०२० मधल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून एखाद्या प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीन-कॅप्चरमधून पूर्ण वगळता येते. त्याआधी ती काळी करता यायची, म्हणजे बघणाऱ्याला तिथे काळा चौकोन दिसायचा. ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्येही आपल्या विंडो कॅप्चरमधून लपवण्याची सोय जनरल सेटिंगमध्ये आहे. झूम हा स्वतंत्र प्रोग्रॅम असल्यामुळे त्यालाही हे जमतं.

गूगल मीटचं तसं नाही. ते ब्राउझरच्या एका टॅबमध्ये चालतं, आणि वेबपानाला ‘मला स्क्रीनवरून वगळा’ असं विंडोजला सांगण्याचा अधिकार नाही. तो दिला तरी वगळली जाईल ती अख्खी ब्राउझर विंडो. मग त्याच विंडोत शेजारच्या टॅबमध्ये उघडलेला तुमचा निकालाचा तक्ताही पालकांना दिसणार नाही. २०२२ मधल्या क्रोम १०७ पासून पानाला आपला स्वतःचा टॅब निवडीच्या यादीतून काढून टाकता येतो, पण पूर्ण स्क्रीन निवडली की त्याचा काही उपयोग नाही. म्हणून मीट आरशाचा इशारा देऊन थांबतं. इथे याहून मोठी अपेक्षा करणं मला न्याय्य वाटत नाही.

लॅपटॉप तापण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. आतल्या चौकटी संगणक एकेक करून काढत नाही. आधीच्या फ्रेमचं चित्र तो फक्त लहान करून चिकटवतो. त्या चित्रात आतल्या सगळ्या चौकटी आयत्याच असतात. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर दर फ्रेमला २०,७३,६०० पिक्सेलच टिपले जातात, आरसा असो वा नसो. शिवाय तो अनंतही नाही. सभेच्या विंडोत दिसणारा शेअरचा प्रिव्ह्यू स्क्रीनच्या ६० टक्के रुंदीचा असेल तर चौकटींची रुंदी ११५२, ६९१, ४१५, २४९, १४९, ९० पिक्सेल अशी उतरत जाते आणि पंधराव्या पायरीला एका पिक्सेलच्याही खाली जाते. अक्षरं तर दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीतच वाचता येत नाहीत.

घाम फुटतो तो एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून इंटरनेटवरून पाठवण्याजोगं करणाऱ्या भागाला. स्थिर तक्ता पाठवणं स्वस्त, कारण बदललेला भाग तेवढाच पाठवायचा असतो. सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत हालचाल सगळीकडे एकदमच दिसते. इथे ती दर चौकटीला थोडी उशिरा पोचते. एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील तर कर्सर थांबल्यावरही सहाव्या चौकटीत तो ०.६ सेकंद उशिरा थांबतो, आणि तोवर बदल पाठवत राहावं लागतं. त्यात स्क्रीनवर हलत्या चेहऱ्यांच्या चौकटी असल्या तर चित्र कधीच स्थिर होत नाही. याचा खरा फटका बोटीवरच्या तुटक इंटरनेटवर बघणाऱ्या पालकाला बसतो: त्याच्याकडे तक्ता धूसर आणि उशिरा पोचतो. लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, व्हिडिओ एन्कोड आलेख बघा. तो शून्यावर असेल आणि सीपीयू मात्र भरलेला असेल, तर एन्कोडिंग ग्राफिक्स चिपऐवजी सीपीयूवर चाललंय. जुन्या लॅपटॉपचा पंखा ओरडतो तो त्यामुळे.

पीडीएफ, एक्सेल आणि ब्राउझर आळीपाळीने दाखवायचे असतात, तेव्हा एकच विंडो शेअर करून भागत नाही, हा तुमचा आक्षेप मात्र पूर्ण रास्त आहे. एक्सेलची दुसरी फाइल वेगळ्या विंडोत उघडते आणि पालकांना पहिलीच दिसत राहते. फाइल उघडण्याची चौकट, काही मेनू दिसत नाहीत. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो नव्या विंडोत सुरू होतो, त्यामुळे बघणाऱ्यांना अनेकदा मागची संपादनाची विंडोच दिसते. त्यावर ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये जाऊन तो विंडोतच चालवण्याचा पर्याय निवडता येतो.

पण तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे, म्हणजे दुसरी स्क्रीन आहेच. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ निवडा. झूमची किंवा मीटची विंडो लॅपटॉपवर राहू द्या, दाखवायचं ते सगळं ओढून प्रोजेक्टरकडे न्या, आणि शेअर करताना दुसरी स्क्रीन निवडा. आता पूर्ण स्क्रीन बिनधास्त शेअर करा. सभेची विंडो तिच्यावर नाहीच, तर आरसा येणार कुठून? ‘डुप्लिकेट’ ठेवलं, किंवा मध्ये एचडीएमआय स्प्लिटर लावला, तर दोन्हीकडे एकच चित्र असतं आणि ही वाट बंद होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी दूरचे पालक सभागृहाला दाखवायचे असतील तर आधी शेअरिंग थांबवा, मगच त्यांची विंडो प्रोजेक्टरवर न्या.

प्रोजेक्टर नसेल तर शेअर सुरू करून लगेच ऑल्ट-टॅबने तक्त्यावर जा आणि तो मोठा करा. सभेची विंडो झाकली गेली की संगणकाच्या आतला आरसा तत्क्षणी नाहीसा होतो. सगळं ब्राउझरमध्येच असेल तर एक टॅब शेअर करून दुसऱ्यावर गेल्यावर क्रोम ‘शेअर धिस टॅब इन्स्टेड’ असं बटण देतं, तेच वापरा.

तुम्ही विचारलं नव्हतंत, पण तुमच्या मांडणीत आवाजाचाही असाच फेरा आहे: लॅपटॉपमधून निघालेला आवाज सभागृहाच्या स्पीकरवर, तिथून मोबाइलच्या माइकमध्ये, तिथून परत लॅपटॉपवर. माइक शिट्टी मारतो तो यामुळे. माइक आणि स्पीकर दोन्ही एकाच उपकरणाकडे ठेवा आणि दुसऱ्यावर झूमचा ऑडिओच सोडून द्या. नुसतं म्यूट केलं तर स्पीकर चालूच राहतो. सभागृहाच्या मिक्सरला जोडलेलं उपकरण ऑडिओसाठी ठेवणं सोयीचं, म्हणजे बहुधा लॅपटॉप. मग मोबाइल फक्त डोळा उरतो. त्याचा माइक बंद असल्यामुळे स्पीकर व्ह्यूमध्ये तो आपोआप मोठाही होत नाही, आणि बोगद्याचं मूळ कारणही तिथेच जातं.

यानंतरही बोगदा दिसला तर तीन गोष्टी कळवा: बोट ठेवल्यावर काय झालं, विंडोज-पीमध्ये काय निवडलेलं होतं, आणि मोबाइलच्या चित्रात पडद्याचा किती भाग येत होता.