‘मृणाल गोरेंनी मुंबईत एक वीट तरी रचली का?’

गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावर टीका करणारा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. मृणाल गोरे म्हणजे हंडा आणि लाटणं. रस्त्यावर उतरायचं, पेपरात फोटो आला की घरी जायचं. सत्ता कधी वाट्याला आली नाही, म्हणून जन्मभर विरोध केला. आणि शेवटचा टोला ठरलेला: या आंदोलनवाल्यांनी मुंबईत एक वीट तरी रचली का? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो परवा पुन्हा आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात निम्मे अंगठे गोरेगावकरांचे, म्हणून हे जरा सविस्तर.

पहिला मुद्दा हंड्याचा. गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं १९५७ साली. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताई तिथल्या सदस्य होत्या. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आल्या. तिथल्याच केशव, म्हणजे बंडू गोरेंशी १९४८ मध्ये लग्न झालं, तेही जातीबाहेर. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. १९६१ मध्ये ताई महापालिकेवर निवडून गेल्या. ‘पाणीवाली बाई’ ही ओळख त्या काळातली, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले ते हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे. पण नळजोडणी घोषणा देऊन मिळत नाही. वस्तीची जमीन कोणाची, झोपड्या अधिकृत की अनधिकृत, मुख्य जलवाहिनी किती लांब, खर्च कोणत्या तरतुदीतून, हे सगळं महापालिकेच्या सभागृहात आणि समित्यांत भांडून सोडवावं लागतं. ज्यांनी एखाद्या चाळीला वाढीव नळ मिळवून दिलाय, त्यांना यात किती चपला झिजतात ते ठाऊक असेल.

लाटण्याचंही तसंच. १९७२ चा दुष्काळ, रेशनवर धान्य नाही, रॉकेल-तेलाच्या रांगा. अशा वेळी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. तिच्यात मृणालताई समाजवादी, प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. दोन्ही कम्युनिस्ट पक्षांच्या पुरुष नेत्यांना एका व्यासपीठावर बसवायचं तर त्या काळी घाम फुटला असता. या बायका एकत्र बसल्या, आणि एकदा नव्हे, पुढे कितीतरी महिने. मजकुरात त्यांना ‘मध्यमवर्गीय बायकांचा टाइमपास’ म्हटलंय. मध्यमवर्गीय होत्याच, चाळीतल्याही होत्या. कोणत्याच मोर्चात कधी पाऊल न टाकलेली बाई हातात स्वयंपाकघरातली वस्तू घेऊन रस्त्यावर आली, ही तर या आंदोलनाची कमाई. महागाई हटली का? नाही हटली. आंदोलनाच्या जोरावर भाव कायमचे खाली आलेत असं जगात कुठे घडलंय ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

राहिलं फोटो काढून घरी जाणं. आणीबाणीत ताई घरी नव्हत्या. आधी भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांना एकटीला ठेवलं होतं, शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी बाई. याचे फोटो कोणी काढले नाहीत.

आता तो कायदा, ज्याचा उल्लेख अशा मजकुरांत कधीच नसतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षा करून मुलगा की मुलगी सांगणारे दवाखाने उघडपणे चालत. आता ५०० रुपये खर्च करा आणि पुढचे ५ लाख वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लागायच्या. पुढचे ५ लाख म्हणजे हुंडा. शहरातल्या स्त्री संघटना आणि काही डॉक्टर याविरुद्ध उभे राहिले. पण रस्त्यावरची मागणी विधिमंडळात न्यायला आतलं माणूस लागतं. १९८५ मध्ये पुन्हा आमदार झालेल्या मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं, म्हणजे सरकारने नव्हे, आमदाराने स्वतः आणलेलं. अशासकीय विधेयकं बहुतेकदा चर्चेला येऊन विरून जातात, हेही विरलं असतं. मात्र त्या दबावातून सरकारने स्वतः कायदा आणला आणि १९८८ मध्ये लिंगनिदानावर बंदी घालणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा आला १९९४ साली. राज्याच्या कायद्यात पळवाटा होत्या, अंमलबजावणी ढिली होती, हे खरंच. पण सुरुवात इथून झाली. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या. ‘रस्त्यावरची बाई’ म्हणणाऱ्यांनी ही नोंद जरा तपासावी.

आणि आता वीट. इथे मला खरं तर हसू आलं, कारण नेमका चुकीचा प्रश्न विचारलाय.

१९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत मोकळी जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर वरची अतिरिक्त ठरवून सरकारने घ्यायची आणि गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असा हेतू. पण त्याच कायद्यात कलम २० होतं, त्याखाली सरकार जमीनमालकाला सूट देऊ शकत होतं. आम्ही दुर्बल घटकांसाठी घरं बांधतो असं लिहून द्यायचं, सूट मिळवायची, आणि मग बिल्डर आणि बाजारभाव. कायदा कागदावर, जमीन ज्याची त्याच्याकडे. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळे चिडतही होते. मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी चिडण्याच्या पुढे जाऊन नागरी निवारा परिषद काढली. (सामंत म्हणजे तेच, जे मुख्यमंत्री अंतुलेंच्या काळातल्या सिमेंट वाटपाविरुद्ध कोर्टात गेले होते.) म्हणणं साधं होतं: कायद्याने जी जमीन अतिरिक्त आहे ती घ्या, आणि ज्यांना घर हवंय त्यांच्या संस्थांना द्या, पैसे आम्ही भरतो. त्यासाठी मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मंत्रालयाचे उंबरठे झिजले. अखेर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीला साठेक एकर जमीन मिळाली आणि तिथे ६ हजारांवर घरं उभी राहिली, अल्प उत्पन्न गटाच्या माणसाला झेपतील अशी. कारकून, कामगार, शिक्षक तिथे राहायला गेले. मुंबईत खासगी बिल्डरशिवाय, सभासदांच्या हप्त्यांवर इतकी मोठी वसाहत उभी राहिल्याची दुसरी उदाहरणं सहज सापडत नाहीत.

विटा मोजायच्याच असतील, तर दिंडोशीला जाऊन मोजा. नागरी निवारा म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो.

सत्तेबद्दल थोडक्यात. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची, आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्य खातं देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. ते चुकलं असं मला स्वतःला वाटतं. ज्या बाईने पन्नासच्या दशकात गोरेगावात कुटुंब नियोजनाचं काम केलं, तिच्याकडे आणीबाणीतल्या नसबंदीच्या जबरदस्तीनंतरचं आरोग्य खातं असायला हवं होतं. त्यावर टीका करा, ती रास्त ठरेल. पण ‘संधी मिळाली नाही म्हणून विरोधात राहिल्या’ हे उलटं आहे. संधी दारात आली होती.

‘विकासाला विरोध’ हा आरोप एन्रॉनवरून होतो. नव्वदच्या दशकात या अमेरिकी कंपनीच्या दाभोळच्या वीज प्रकल्पाविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत त्या होत्या. वीज परवडणार नाही, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने तीच वीज घेणं थांबवलं, कारण दर परवडेना. यापुढे काही लिहायची गरज नाही.

या मजकुरात एक आरोप नाही, तो खरा तर टिकला असता. दिंडोशीसारखी दुसरी वसाहत या लोकांना उभारता आली नाही. मुंबईतली जुनी समाजवादी चळवळ विरत गेली, नवे कार्यकर्ते तयार झाले नाहीत, आणि २००७ मध्ये राज्य सरकारने कमाल जमीन धारणा कायदाच रद्द केला, तेव्हा तो वाचवण्याइतकी ताकद कोणाकडे उरली नव्हती. मृणालताई तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. १७ जुलै २०१२ ला त्या गेल्या. कायदा गेल्यावर अतिरिक्त ठरू शकणाऱ्या जमिनींचं पुढे काय झालं, ते गोरेगाव ते बोरिवली लोकलच्या खिडकीतून टॉवर बघत जाणाऱ्या कोणालाही दिसतं.