'घोटी'चा 'फिश' होत नाही

सांगलीत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. जी-एच-ओ-टी-आय हे स्पेलिंग 'फिश' असं वाचता येतं, हे म्हणे इंग्रजी नाटककार बर्नार्ड शॉने सिद्ध केलं. म्हणजे इंग्रजीला नियमच नाहीत. न उच्चारली जाणारी अक्षरं इंग्रजांनी आपल्याला अडवायला घातली. तेव्हा प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहा आणि पाठ करा. तासगावला नववीत असलेल्या माझ्या भाचीने हे वाचून स्पेलिंगकडे बघणंच सोडलंय. "मामा, नियमच नाहीत तर शिकू काय?" असं विचारते. आता गप्प बसवत नाही.

'इनफ'मधल्या जी-एचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ, 'नेशन'मधल्या टी-आयचा श, असा हा फिश जुळवलाय. अहो, जी-एच शब्दाच्या सुरुवातीला आलं की त्याचा फ कधीच होत नाही, ग होतो. भुताला इंग्रज 'गोस्ट' म्हणतो, 'फोस्ट' नाही. टी-आयचा श होतो तो पुढे स्वर असेल तेव्हा: नेशन, पेशंट. शब्दाच्या टोकाला होत नाही. ओचा इ तर जवळपास एकट्या 'विमेन'मध्येच सापडतो. इंग्रजी वाचता येणारा माणूस हे स्पेलिंग 'गोटी' असंच वाचेल, कारण कोणतं अक्षर कुठे कसं वाजतं याचे नियम त्याच्या डोक्यात पक्के आहेत. आणि शॉचं नाव कशाला? प्रकाशक चार्ल्स ऑलियरने लेखक ली हंटला डिसेंबर 1855 मध्ये लिहिलेल्या पत्रात ही करामत आहे. शॉ जन्मला जुलै 1856 मध्ये!

इंग्रजांच्या कटाचं थोडक्यात. 'नाइफ'मधला के इंग्रज पूर्वी खरोखर उच्चारत. बोलणं बदललं, छापलेलं स्पेलिंग तसंच राहिलं. कर्जाच्या 'डेट'मधला बी लॅटिनच्या ओढीने विद्वानांनी घुसवला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी निघायचीच होती.

एक मान्य करावं लागेल. ओ-यू-जी-एच हे प्रकरण 'थ्रू', 'दो', 'कॉफ', 'बाउ' असं निदान चार तऱ्हांनी वाजतं. तिथे पाठांतराशिवाय इलाज नाही.

पण सगळ्यात नुकसान करणारा आहे तो देवनागरीचा सल्ला. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, असतो. 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर जातो आणि पहिला स्वर पुसट होतो, साधारण 'फटॉग्रफी' असा. हा जोर दाखवायला देवनागरीत खूणच नाही. मूल सगळी अक्षरं सारखीच ठोकत वाचतं आणि बाहेरच्या माणसाला शब्द कळत नाही. आपली लिपी उच्चाराला जवळची आहे, हे खरं. तरी 'जगात जगायचं' मोठ्याने म्हणून बघा, दोन्ही ज वेगळे निघतात. ते आपल्याला भाषा येते म्हणून कळतं, अक्षर बघून नाही.

भाचीला मी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश मोबाइलवर उघडून दिलाय. स्पीकरवर बोट ठेवायचं, ऐकायचं, आणि उच्चारचिन्हांत छोटी उभी रेघ वर कुठे आहे ते बघायचं. रेघेनंतरच्या अवयवावर जोर. स्पेलिंगच्या नियमांची सुरुवात शब्दाच्या शेवटच्या ईपासून: 'कॅप'ला ई लागला की 'केप', 'हॉप'ला लागला की 'होप'.