चढ चालेल, उतार नको

गेल्या गुरुवारी संध्याकाळी कट्ट्यावर चहा यायच्या आधीच बापू माझ्यावर घसरला. "पहिल्या टप्प्यावरून परत फिरतोस म्हणे? खरं का?"

खरं होतं. बावीस वर्षं दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणारा मी, गेले चार महिने पहिल्या टप्प्यावर बसून खाली उतरतो. सोबतचे पुढे जातात, वर पिठलं-भाकरी खातात, येताना माझ्यासाठी कांदाभजी बांधून आणतात.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजलीय. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरून दाखवलं: दोन हाडांच्या मधली फट उजवीकडे जवळजवळ नाहीशी झालेली. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे हाड सांधतं तशी ती भरून येत नाही. नुसता जिना उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, मग गडाच्या त्या दगडधोंड्यांवरून उतरताना काय होत असेल! ते म्हणाले, "मांडीचे स्नायू बळकट करा, सपाटीला हवं तेवढं चाला. थोडा चढ चालेल, उतार नको." आता गड चढून उतरायचं नाही, हे कसं जमवायचं?

हे सगळं मी बापूला सांगितलं. त्याला पटलं नाही. बापूचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, अर्धं आयुष्य घासलेले पार्ट बदलण्यात गेलंय. "डॉक्टर घाबरवतात रे. अरुणिमा सिन्हा बघ. २०११ साली रेल्वेतून ढकलून दिलं तिला, पाय गेला. आणि २०१३ च्या मे महिन्यात कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर उभी राहिली. तुझा पाय तरी जागेवर आहे."

"आणि गडाचंच बोलायचं तर," तो थांबेना, "१६७० ची ती रात्र आठव. तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले म्हणून गड हाती आला. परतीची वाट मोकळी ठेवली की माणूस लढत नाही. तू दोर शाबूत ठेवलेस."

हे लागलं मला. कारण डॉक्टरांकडून आल्यावर पहिले दोन महिने मी स्वतःला नेमकं हेच ऐकवत होतो.

ते दोन महिने सांगतो. गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा रविवारची पहाट वाईट होती. पाच वाजता जाग यायचीच. मंडळींच्या गाड्या आमच्या गल्लीतून जायच्या, त्यातल्या एका गाडीचा हॉर्न माझ्या ओळखीचा. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहायचो. बायको विचारायची, "चहा टाकू?" आणि मी तिच्यावर खेकसायचो. बिचारीचा काय दोष? एकदा कोणाला न सांगता गेलो. वर गेलो, देवटाक्याचं पाणी प्यायलो, पुणे दरवाजाच्या पायरीवर हात टेकवला. उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात पाय असा धरला की दोन्ही हातांनी मांडी उचलून पुढे ठेवत आलो. एका वळणावर ताकवाल्या ताई बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता ताकाचा ग्लास पुढे केला आणि स्वतःची बसायची गोणी माझ्याकडे सरकवली. तिथे पाऊण तास बसलो.

त्या पाऊण तासात रडलो, हे कट्ट्यावर पहिल्यांदाच बोललो. बापू गप्प झाला.

मास्तर आमच्यात वडीलधारे. तीस-पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. ते बापूला म्हणाले, "दोर कापले ते लढाईच्या रात्री. याचा रविवार म्हणजे लढाई आहे का? आणि त्या मुलीचं सांगतोस तर पूर्ण सांग. पाय गेलाय हे तिने आधी मान्य केलं, मग कृत्रिम पायावर चालायला शिकली. गेलेला पाय परत येईल म्हणून बसून राहिली असती तर घराचा उंबरासुद्धा ओलांडता आला नसता."

मला वाटतं, आपल्याकडे इथेच गफलत होते. मर्यादा मानली म्हणजे हातपाय गाळले, असा हिशोब आपण लहानपणापासून डोक्यात धरून बसतो. डोंगरात वावरणारी माणसं तसं मानत नाहीत. मी बापूला गोरान क्रॉपची हकिगत सांगितली. स्वीडनचा गिर्यारोहक. १९९५ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमहून सायकलवर निघाला, सगळं सामान सायकलवर लादून नेपाळपर्यंत आला. शेर्पा नाही, ऑक्सिजनची नळकांडी नाही. मे १९९६ च्या सुरुवातीला तो एव्हरेस्टच्या माथ्यापासून साधारण शंभर मीटरवर होता. शंभर मीटर! पण उशीर झाला होता. वर पोचलो तरी खाली उतरायला अंगात त्राण उरणार नाही, हे त्याला कळलं. तो फिरला. त्यानंतर काही दिवसांतच, १० मेला, तिथे वादळ आलं. ठरलेली वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिलेले त्यात अडकले, एकूण आठजण गेले. क्रॉप थांबला, दम खाल्ला, आणि २३ मेला माथ्यावर पोचला.

"म्हणजे शेवटी चढलाच ना!" बापू.

चढला. पण फिरला तेव्हा पुन्हा संधी मिळेल हे त्याला कुठे ठाऊक होतं? मला तो चढलेला क्रॉप फारसा आठवत नाही. हजारो किलोमीटर पायडल मारून आल्यावर शंभर मीटरवरून पाठ फिरवणारा आठवतो.

मन्या इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तो एकदम म्हणाला, "काका, तुमचं ठीक आहे. तुम्ही बावीस वर्षं चढलात. ज्याला एकदाही वर जायला मिळालं नाही, त्याने काय स्वीकारायचं?"

सगळे शांत झाले. मन्या तिशीचा. यूपीएससीचे पाच प्रयत्न झाले, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. खुल्या गटाला प्रयत्न सहाच आणि वयाची अट बत्तीस. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसतो, रात्री अकराला खोलीवर येतो. देशभरातून लाखो मुलं फॉर्म भरतात आणि जागा साधारण हजारभर. गावाकडे वडील अजून सगळ्यांना सांगतात, "साहेब होणार."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, समोर रस्त्याकडे बघत बोलले. "सहाचा आकडा आयोगाने लिहून ठेवलाय, ते एका परीने बरंच आहे मन्या. माझ्या पाहण्यातली काही मुलं अशी आहेत, ज्यांना कुणी आकडाच दिला नाही. चाळिशीपर्यंत 'पुढच्या वर्षी' करत राहिली. तू सहावा दे, जीव ओतून दे. पण सातवा नाही, हे आजच मनाशी ठरव. बघ, सहावा देताना हात कमी थरथरेल."

मन्याचे डोळे भरले. "घरी कसं सांगू?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. बापूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

चहा आला. मला वाटलं विषय मिटला. पण संज्या बँकेतून उशिरा आला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. "मला तुमचं हे बोलणं ऐकवत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे आमच्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. अंथरूण कोणी आखूड केलं ते विचारायचं नाही, पाय मात्र दुमडायचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सार्वजनिक होतं, कागदोपत्री आधीच खुलं झालेलं. तरी लोक मर्यादा पाळत होते. त्या दिवशी हजारो लोकांनी ती पाळली नाही. मन:शांती हवी म्हणून घरी बसले असते तर?"

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त आत गेलं. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माणसाने घातलेली मर्यादा आणि शरीराने, काळाने घातलेली मर्यादा एका तराजूत तोलू नये. कूर्चेला मोर्चा काढून उपयोग नाही. तळ्याला होता."

संज्या म्हणाला, "फरक तुम्हाला कळतो मास्तर. पण समजुतीच्या गोष्टी सांगणारे तो फरक सांगत नाहीत. जो खाली आहे त्यालाच समाधान शिकवतात."

यावर मी वाद घालू शकलो नाही. कारण मला त्या ताकवाल्या ताई आठवल्या.

वर जायची घाई नसल्याने हल्ली माझी त्यांच्याशी पायथ्याला भेट होते. पूर्वी मी त्यांना वाटेत दहा पावलांत मागे टाकायचो, डोळे घड्याळावर. आता पाहतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दह्याची छोटी मडकी, गवत घालून एकमेकांत घट्ट बसवलेली, वर ओलं फडकं. दुसऱ्या हातात ताकाची किटली. वय माझ्याच आसपास. पायथ्यापासून सहाशे मीटरची ती चढण, आणि रविवारी गर्दी असली तर माल संपल्यावर पुन्हा खाली-वर. मी एकदा म्हटलं, "ताई, डॉक्टरांनी मला चढउतार बंद करायला सांगितलाय." त्या उजवा गुडघा चोळत म्हणाल्या, "माझा बी दुखतो की भाऊ. मला कोन सांगनार बंद कर म्हनून?"

मला मिळालेला निवांतपणा खोटा नाही. तो मी कष्टाने मिळवलाय, आणि कोणी म्हणालं तो हार आहे तर मी मानणार नाही. रविवारी आता पाचला उठतो, चहा मीच टाकतो. पहिल्या टप्प्यावरच्या कातळावर बसलो की खाली भाताची खाचरं आणि लांब खडकवासल्याचं पाणी उजळत जाताना दिसतं. पूर्वी तिथे मी वीस सेकंदही थांबत नव्हतो. रागाची ती गाठ सुटली आहे. पण मला थांबता आलं, कारण थांबल्यावर माझ्या घरची चूल विझणार नव्हती. ताईंना गुडघ्याची मर्यादा कळत नाही असं थोडंच आहे? माझ्याहून चांगली कळते. ती मानायची सोय त्यांना नाही. संज्याचं म्हणणं होतं ते हेच.

मी हे सगळं बोललो. बापू बराच वेळ कप हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मग तू करतोस काय त्याचं?"

फार काही करत नाही. माझी दह्याची चार मडकी आता पायथ्यालाच घेतो, त्या पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी. मडकी तिथेच रिकामी करून त्यांच्या घरी परत देतो. भाव वरचाच देतो; पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या, मग घेऊ लागल्या. चार मडक्यांनी पाटी कितीशी हलकी होणार? पण त्या परवा म्हणाल्या, पहिल्या वळणाला मान कमी भरून आली.

"आपण रविवारी अकराजण असतो," बापूने हिशोब केला. "वर जाऊनच दही खायचं असं कुठे लिहिलंय? खालीच खाऊ. बावीस मडकी होतील." मग मन्याकडे वळला. "तू पण चल. अभ्यासिका दहाला गाठशील."

मन्या म्हणाला, "किती वाजता निघता?"

"साडेपाचला. कोपऱ्यावर उभा राहा, हॉर्न देतो."