महाराजा बोलू लागला, तर शब्द कुणाचा?

ऑगस्ट २०२३ मध्ये एअर इंडियाने नवं बोधचिन्ह आणलं आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर महाराजावरून चार दिवस वाद रंगला. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला तो झुपकेदार मिशांचा, कमरेत वाकलेला महाराजा ठेवायचा की निवृत्त करायचा? कुणाला तो सरंजामी वाटत होता, कुणाला बालपणाचा ठेवा. मी इथे कॅनडात, मिसिसागात ते सगळं वाचत होते आणि मला राहून राहून आईची आठवण येत होती.

आई नाशिकला असते. तिच्या बँकेच्या वेबसाइटवर कोपऱ्यात एक हसरी मुलगी आहे, साडीतली, हात जोडलेली. नोव्हेंबरात आईने तिला हयातीच्या दाखल्याबद्दल विचारलं. ‘तुमची विनंती स्वीकारली आहे,’ असं उत्तर आलं आणि खाली एक फूल. आईला वाटलं, काम झालं. डिसेंबरात पेन्शन जमा झालं नाही. शाखेत गेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काकू, ते कॉम्प्युटरचं उत्तर आहे, ते आम्ही दिलेलं नाही.’

त्याने ते सहज म्हटलं असेल, पण हाच युक्तिवाद इकडे न्यायाधिकरणापुढे टिकला नाही. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितलं होतं, की आधी तिकीट काढा, शोकप्रसंगाची सवलत ९० दिवसांत मागता येईल. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. कंपनीचं म्हणणं असं, की चॅटबॉट ही वेगळी संस्था आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने ते साफ फेटाळलं: वेबसाइट तुमची, तर तिच्यावरचं प्रत्येक वाक्यही तुमचं. भरपाई साडेसहाशे डॉलरच्या आसपास, म्हणजे फार मोठी नाही. पण मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

जुन्या चित्रांवर आपण विश्वास टाकला, कारण ती आपल्याला काही कबूल करत नव्हती. अमूलची मुलगी १९६६ पासून चालू घडामोडींवर शेरे मारते आहे, आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू हातात ब्रश घेऊन नुसता उभा असायचा. लोणी खवट निघालं तर त्या मुलीला कुणी जाब विचारला नसता, विचारला असता तो डेअरीला. आता वेबसाइटवरचं चित्र आपल्याशी बोलतं, नियम सांगतं, ‘झालं’ म्हणतं. चेहरा ओळखीचा असल्यामुळे आपण दुसऱ्यांदा विचारत नाही, आणि वयस्क माणसं तर नाहीच नाही.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात झळकणाऱ्या नटालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नट हा हाडामांसाचा माणूस, त्याला पकडता येतं. चित्राला कोण पकडणार? म्हणून त्याच्या तोंडच्या प्रत्येक उत्तराखाली बँकेचं किंवा कंपनीचं नाव, तारीख आणि तक्रार नोंदवता येईल असा क्रमांक असायलाच हवा. मग तो महाराजा असो की साडीतली मुलगी. मिशा ठेवायच्या की काढायच्या, हे नंतर ठरवू.

यंदा आई नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात स्वतः शाखेत गेली. दाखला दिला, शिक्का मारलेली पोच घेतली आणि मला तिचा फोटो पाठवला.