ताटाचा फोटो काढा, पण भाजीचं नावही लिहून ठेवा

माझ्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीचा एक फोटो आहे. नाशिकच्या पेठ रोडला एका घरगुती खानावळीत काढलेला. स्टीलच्या ताटात नागलीची भाकरी, ठेचा आणि हिरवीगार रानभाजी. फोटो सुरेख आलाय. पण ती भाजी कोणती होती, हे मला आज सांगता येत नाही, आणि त्याची फार चुटपुट लागून राहिलीय.

बाहेर जेवताना फोटो काढणाऱ्यांना घरचे बोलतात. मी काढते आणि काढत राहणार. माझं म्हणणं एवढंच, की आपण फोटो काढतो तो आठवण राहावी म्हणून, आणि नेमकं आठवायचं तेच त्यात नसतं. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खाणाऱ्यांचे फोटो बघा. सगळे वरून काढलेले. वाटी, पापड, दही, पाव. चूल नाही, वाढणारा हात नाही, जागेचं नाव नाही. दहा वर्षांनी ही मिसळ कुठली, हे कोण सांगणार?

रानभाज्यांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. पहिला पाऊस पडला की पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका नाशिकच्या बाजारात जुड्या घेऊन बसतात. शेवळं येतात ती जेमतेम काही आठवडे. जांभळट तपकिरी कोंब, आतला पिवळा भाग निवडताना काढून टाकायचा. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं, ती आंबट फळं, घालतात. फोडशी दिसते कांद्याच्या पातीसारखी, बुडाशी पांढरी. शिजली की शेवळं खिम्यासारखी दिसतात आणि फोडशी इतर चार पालेभाज्यांसारखी. म्हणजे ताटातल्या फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. कच्च्या जुडीचा एक फोटो, विकणाऱ्या मावशींनी सांगितलेलं नाव, निवडायची रीत, एवढं लिहून ठेवलं तर पुढच्या जूनमध्ये तो फोटो घेऊन बाजारात जाता येईल. हे ज्ञान त्या बायकांच्या बोलण्यात आहे, आणि आपण ते विचारत नाही याचं मला वाईट वाटतं.

बाकी फोटोचं तंत्र सोपं आहे. खिडकीजवळ बसा, लेन्स रुमालाने पुसा, फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमध्ये तर्री प्लास्टिकसारखी चमकते. वाफ दिसायला हवी असेल तर उजेड बाजूने किंवा मागून येऊ द्या आणि मागे गडद काहीतरी असू द्या. दोन फोटो पुरेत, मिसळ गार करू नका. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची नोंद निघून जाते, म्हणून मूळ फोटो जपा.

द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरीकडे जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फोटोसाठी घड हातात धरू नका. मण्यांवर मेणासारखी पातळ, पांढरट लव असते, ती बोटांनी पुसली जाते आणि मालाची किंमत उतरते. शेतकरी स्वतः घड देठाला धरतो. आपण तर परक्याच्या बागेत उभे असतो.

पेठ रोडच्या त्या खानावळीत पहिल्या वेळी मी न विचारता चुलीकडे फोन वळवला होता. भाकरी थापणाऱ्या ताईंनी पदर पुढे ओढून तोंड फिरवलं. चूक माझी होती, आणि तेव्हा साधी माफीही मागितली नाही. परवा पुन्हा गेले. आधी जेवले, मग विचारलं, "ताई, तुमच्या हातांचा फोटो काढू का? चेहरा घेणार नाही."

"थांबा, भाकर फुगू द्या."

भाकरी फुगली, फोटो काढला. मग त्यांना तो जुना फोटो दाखवला, यातली भाजी कोणती म्हणून. त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले, फोन जवळ धरला, बराच वेळ पाहिलं.

"शिजल्यावर काय कळतंय, ताई."

मग उठून कोपऱ्यातल्या पाटीतली फोडशीची एक जुडी त्यांनी आणली आणि तव्याशेजारी ठेवली. "हिचा काढा. अन् नाव लिवा."

लिहिलं.